बाळाची वेदना आणि अंगाईचे सूर

तान्ह्या बाळाला काय कळते, असे आपण सहज बोलून जातो. आमच्या धाकट्या भावाला मुलगा झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी काविळीच्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्त घेण्यात आले. सुई टोचताच बाळ लालबुंद होऊन, मुठी आवळून रडू लागले. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आले. "अगं, त्याला काय कळतंय? आत्ता विसरेल," अशी आम्हीच तिची समजूत घातली. पुढे याविषयी थोडे वाचन केले, तेव्हा आमचे बोलणे किती चुकीचे होते हे ध्यानात आले. आम्ही बँकेत आकडेमोड करणारी माणसे, डॉक्टर नव्हे. तरीही जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा गैरसमज केवळ आपल्या घरांतलाच नव्हता. १९८० च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरही मानीत की, नवजात बाळाची मज्जासंस्था अपुरी असल्याने त्याला वेदना जाणवत नाहीत. त्यामुळे बाळांवर अपुऱ्या भुलेत शस्त्रक्रिया होत. हे मत बदलण्यात मोठा वाटा आहे तो इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांचा. ऑक्सफर्ड येथे त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास केला. ज्यांना वेदनाशामक औषध दिले, त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होता व गुंतागुंतही कमी झाली. हे संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि जगाचे डोळे उघडले.

बाळ बोलत नाही. मग वेदना मोजायची कशी? चेहरा आक्रसतो का, रडणे कसे आहे, श्वास कसा चालला आहे, हातपाय ताठ होतात का, बाळ शांत आहे की अस्वस्थ, हे पाहून ० ते ७ असे गुण देतात. गुण जास्त तितकी वेदना जास्त.

याच मोजपट्टीने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका रुग्णालयात १०० नवजात बाळांची पाहणी झाली. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. टाच टोचण्यापूर्वी सर्व बाळांना साखरेच्या द्रावणाचे थेंब दिले होते. त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक बाळांना टोचण्याच्या २० मिनिटे आधीपासून मोझार्टची अंगाईधून ऐकविली. गुण देणाऱ्याने कानांवर आवाज रोखणारी साधने लावली होती, म्हणजे संगीत चालू आहे की नाही हे त्याला कळू नये. टोचताना संगीत ऐकणाऱ्या बाळांचे गुण साधारण ४, तर इतरांचे ७ आले. मिनिटभराने पहिली बाळे शांत झाली होती. दुसरी अजून रडतच होती.

मोझार्टची धून आपल्या घरी नसेल, पण अंगाई आहे. १९८० साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दिसले की, जन्मून तीनच दिवस झालेली बाळेही परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतात. पोटात असतानाच तो आवाज त्यांच्या कानी पडलेला असतो. तेव्हा गळा गोड नाही म्हणून कोणत्याही आईने संकोच करू नये.

आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी, कावीळ-बी या लसी व के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. ती टाळायची नाहीतच. मात्र टोचण्याआधी थोडा वेळ हलक्या आवाजात अंगाई सुरू करावी व टोचून झाल्यावरही म्हणत राहावे. बाळाला छातीशी धरावे. लस देताना अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली सुचविले आहे. मोबाईल बाळाच्या कानाशी ठेवू नये. साखरेचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावेत. मध तर मुळीच चाटवू नये. आणि जेथे भूल वा औषध आवश्यक आहे, तेथे गाणे त्याची जागा घेऊ शकत नाही.

आमचा पुतण्या आता धावू लागला आहे. त्याला ती सुई आठवत नाही. आम्हांला मात्र आमचे ते वाक्य आठवते. पुन्हा आमच्या घरी पाळणा हलेल, तेव्हा "त्याला काय कळतंय" असे आम्ही म्हणणार नाही. सुईच्या वेळी बाळाला आईजवळ ठेवता येईल का, एवढे नम्रपणे विचारू. वाचक बंधू-भगिनींनीही विचारावे, एवढीच विनंती.