पंचांना मार्क कोण देणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेतल्या लहान गावात शुक्रवारी संध्याकाळी कोणाकडे जायचे असेल, तर आधी विचारून घ्यावे. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत त्या वेळी निम्मे गाव हायस्कूलच्या मैदानावर असते. शाळेचा बँड वाजत असतो, आजी-आजोबा पांघरूण घेऊन बाकांवर बसलेले असतात आणि दिव्यांच्या झोतात फुटबॉलचा सामना चालू असतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा, असा तो अमेरिकन फुटबॉल. हायस्कूलची दहा लाखांहून अधिक मुले तो खेळतात.

या मुलांविषयी, त्यांच्या प्रशिक्षकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, चित्रपटही निघाले आहेत. मला आज बोलायचे आहे ते मैदानावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यातल्या माणसांविषयी, म्हणजे पंचांविषयी. शालेय सामन्याला ते साधारणपणे पाच असतात. मुख्य पंचाची टोपी पांढरी, बाकीच्यांची काळी. नियमभंग दिसला की कमरेचा पिवळा रुमाल काढून जमिनीवर टाकायचा. चेंडू खेळात आला की बावीस मुले एकाच क्षणी एकमेकांवर आदळतात, आणि पाहणारी माणसे पाच. एरवी हे लोक पोस्टात, विमा कंपनीत, शाळेत नोकरी करतात. एका सामन्याचे मानधन शंभर डॉलरच्या आसपास, बहुतेक ठिकाणी त्याहून कमीच.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे इलिनॉय राज्यात होतो. मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, त्यामुळे शुक्रवार ठरलेला. पुढे शाळेने मलाही कामाला लावले. दहा यार्ड मोजायची एक साखळी असते, तिच्या दोन्ही टोकांना काठ्या. त्यातली एक काठी धरून सीमारेषेवर उभे राहायचे. काम बिनडोक, पण जागा मोक्याची. प्रशिक्षक पंचाला काय म्हणतो आणि पंच काय गिळतो, हे तिथून स्वच्छ ऐकू येते. पुण्यात मी क्लब क्रिकेटमध्ये थोडी पंचगिरी केली होती, त्यामुळे खेळापेक्षा माझे लक्ष पंचांकडेच जाई. आमच्या शेजारचे गृहस्थ पांढऱ्या टोपीवाले होते. ऑक्टोबर उजाडला की त्यांची बेचैनी सुरू व्हायची. बाद फेरीसाठी आपली निवड होते की नाही, ही ती बेचैनी. मुलांची बारावीची यादी लागायच्या आधी घरात जसे वातावरण असते, तसेच.

कारण हिशेब सरळ होता. २००१ सालापासून इलिनॉयमध्ये शाळांचे पटसंख्येनुसार आठ गट करून प्रत्येक गटातून ३२ संघ बाद फेरीत घेतले जाऊ लागले. म्हणजे एकूण २५६ संघ. पहिल्या आठवड्यात १२८ सामने, म्हणून पंचांची १२८ पथके लागायची. पुढच्या आठवड्यात ६४, मग ३२, १६, आणि अंतिम सामन्यांना फक्त आठ. दर शनिवारी जसे निम्मे संघ घरी जातात, तसे पंचही. फरक एवढाच, की संघ कशामुळे गेला ते फलकावर दिसते. पंच कशामुळे गेला ते त्याला कळेलच असे नाही.

मग ही निवड होते कशी? अमेरिकेत शालेय खेळांवर केंद्र सरकारचा अंमल नाही. प्रत्येक राज्याची शाळांची स्वतंत्र संघटना आहे, आणि निवडीची पद्धत ती ती संघटना ठरवते. इलिनॉयमध्ये पंचांच्या तीन पायऱ्या. सुरुवातीला नुसता नोंदणीकृत, मग मान्यताप्राप्त, आणि वरची पायरी प्रमाणित. पायरी चढायला अनुभव लागतो, नियमांची परीक्षा लागते, शिबिरांना हजेरी लागते. त्याशिवाय सामन्यानंतर शाळांनी पंचांना एक ते पाच या श्रेणीत मार्क द्यायचे असतात. प्रशिक्षक आपल्या पसंतीच्या पंचांची यादीही पाठवतात. हे सगळे एकत्र करून एक आकडा तयार होतो आणि बाद फेरीच्या नेमणुका करताना तो समोर ठेवतात.

ओहायोत प्रशिक्षकांच्या मतांबरोबर पंचांच्या स्थानिक संघटनांचीही मते घेतात, म्हणजे सहकाऱ्यांचे मत विचारात येते. टेक्सासची तऱ्हा तर और. तिथे वर्षानुवर्षे दोन्ही शाळांचे प्रशिक्षकच आपसात बोलून कुठल्या गावचे पंच बोलवायचे ते ठरवत आले. आपल्याकडे एखाद्या वादात दोन्ही बाजूंना मान्य असा मध्यस्थ शोधतात ना, तसेच.

आता तुम्ही म्हणाल, यात अडचण काय? सामना ज्यांनी जवळून पाहिला त्यांनीच मार्क द्यावेत हे बरोबरच आहे. मलाही आधी तसेच वाटे. पण काठी धरून उभे राहिल्यावर मुख्य अडचण लक्षात आली. पंच ज्यांचा न्याय करतो, तेच नंतर पंचाचा न्याय करतात. हरलेला प्रशिक्षक रात्री घरी जाऊन मार्क भरतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चाळीस योग्य निर्णय नसतात, एक रुमाल असतो. जिंकलेल्याला सगळेच छान वाटते. शिवाय प्रशिक्षक पाहतो आपल्या संघाकडे. मैदानाच्या पलीकडच्या अंगाला उभ्या पंचाने काय केले, हे त्याला कितीसे दिसणार?

याचा परिणाम पंचांच्या वागण्यावर होतो, आणि तो मला जास्त चिंतेचा वाटतो. प्रतिस्पर्ध्याला हाताने धरून ठेवणे हा या खेळातला नेहमीचा नियमभंग. जाणकार म्हणतात की शोधायचाच म्हटला तर तो जवळजवळ प्रत्येक खेळीत सापडेल. त्यातला कोणता पकडायचा आणि कोणता सोडायचा, यातच पंचाचे तारतम्य. ज्या धरण्याने कोणाचा फायदा झाला नाही ते सोडून द्यावे, हे खेळाच्या दृष्टीने शहाणपणाचे. पण मार्क हातात असलेल्या प्रशिक्षकासमोर रुमाल खिशातच राहिला, तर ते शहाणपण की सावधपणा, हे बाहेरच्याला कसे ओळखणार? शेजारच्या गृहस्थांना मी हे एकदा विचारले. ते हसले आणि म्हणाले, चांगला पंच तो, ज्याचे नाव सामन्यानंतर कोणाला आठवत नाही. आणि मग ज्याचे नाव आठवत नाही, त्याला मत कोण देणार?

पक्षपाताची शंका दूर करणे त्या मानाने सोपे असते. दोन्ही गावांपासून लांबचे पंच बोलवायचे, स्वतःच्या जुन्या शाळेचा सामना कोणाला द्यायचा नाही. क्रिकेटनेही तेच केले. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत आपले व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर तटस्थ पंच म्हणून उभे राहिले, ते याच विचाराने. पण तटस्थ पंच म्हणजे सक्षम पंच असे नाही. सक्षमता मोजायला वेगळा गज लागतो, आणि तो गज महाग आहे. व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये प्रत्येक खेळीचे चित्रीकरण तपासून पंचांना श्रेणी देतात आणि वरच्या श्रेणीतल्यांनाच अंतिम सामन्यासाठी विचारात घेतात. शाळांकडे एवढी माणसे आणि पैसा कुठून येणार? काही ठिकाणी निवृत्त पंच निरीक्षक म्हणून वरच्या खोलीत बसतात. अलीकडे प्रशिक्षक बहुतेक सामने इंटरनेटवर चढवतात, त्यामुळे नेमणुका करणाऱ्याला घरबसल्या पाहता येते. पण एका शुक्रवारी एका राज्यात शेकडो सामने असतात. पाहणार कोण?

चुकीची किंमत काय असते, हे ओक्लाहोमात २०१४ साली दिसले. २८ नोव्हेंबरला उपउपांत्य सामना होता. ओक्लाहोमा सिटीची डग्लस हायस्कूल आणि लोकस्ट ग्रोव्ह हे दोन संघ. डग्लस १९-२० असे एका गुणाने मागे. शेवटचे एक मिनिट आणि चार सेकंद उरलेले असताना त्यांच्या मुलांनी ५८ यार्डांची खेळी करून टचडाउन केला. त्याचे सहा गुण, म्हणजे २५-२०. पण त्या धावपळीत डग्लसचा एक प्रशिक्षक सीमारेषेवरून आनंदाने पळत सुटला आणि पंचाला धडकला. रुमाल पडला. रुमाल पडला ते बरोबरच होते. पुढे मात्र पंचांनी टचडाउनच रद्द केला. त्या राज्य संघटनेनेच नंतर सांगितले, की नियमानुसार गुण कायम ठेवून पाच यार्डांची शिक्षा पुढच्या खेळीत द्यायला हवी होती. डग्लस १९-२० असे हरले.

संघटनेने माफी मागितली. शिक्षण मंडळ कोर्टात गेले, सामना किंवा त्याचा शेवटचा भाग पुन्हा खेळवा म्हणून. उपांत्य सामना खोळंबून राहिला. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी नकार दिला. अशा चुकांसाठी कोर्टाने सामने पुन्हा खेळवायला सुरुवात केली तर त्याला अंत राहणार नाही, असा त्यांचा विचार. मला तो पटतो. पण सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलांना कोणी कसे पटवावे? हायस्कूलचे शेवटचे वर्ष पुन्हा येत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात फुटबॉल तिथेच संपतो.

या प्रसंगाचा निवडीशी संबंध असा. ते पंच बाद फेरीत उभे होते, म्हणजे कुठल्या तरी चाळणीतून आलेले होते. चूक नजरेची नव्हती. सगळ्यांना सगळे दिसले होते. चूक नियमाच्या एका क्वचित लागणाऱ्या कलमाची होती. पंचाला असले कलम पाठ आहे की नाही, हे प्रशिक्षकाच्या मार्कांत कधीच कळत नाही, कारण दहा वर्षांत त्याची वेळच येत नाही. ते कळते लेखी परीक्षेत. आणि अनेक राज्यांत ती परीक्षा घरी बसून, नियमपुस्तक शेजारी ठेवून देता येते. माझ्या मते बाद फेरीपुरती तरी ती समोर बसवून घ्यावी, आणि तिचे वजन प्रशिक्षकांच्या पसंतीपेक्षा जास्त असावे. २०१९ पासून बाद फेरीत चित्रफीत पुन्हा पाहून निर्णय द्यायची मुभा राज्यांना मिळाली आहे. पण ज्याला कलम माहीत नाही, त्याला चित्रफीत काय सांगणार?

आणखी एक गुंता. गुणवत्तेने पाच उत्तम माणसे वेगवेगळ्या पथकांतून निवडायची, की वर्षभर एकत्र काम केलेले पथक जसेच्या तसे घ्यायचे? एकत्र राहिलेल्यांना एकमेकांच्या नजरेची सवय असते. कोण कुठे पाहतोय हे न बोलता कळते, आणि एकाने घाईने चूक केली तर दुसरा त्याला बाजूला ओढून सांगू शकतो. अनोळखी माणसाला तसे सांगायला जीभ अडते. मी स्वतः पथकाच्या बाजूचा. पण मग चार चांगल्यांबरोबर एक कच्चाही अंतिम सामन्यात पोहोचतो, हा आक्षेपही खोटा नाही.

हा सगळा वाद रंगात असतानाच त्याच्या पायाखालची जमीन सरकू लागली आहे. निवड करायला निवडण्याजोगी माणसे हवीत. शालेय क्रीडा संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या सांगण्यानुसार २०१८-१९ नंतरच्या तीन वर्षांत सर्व खेळांचे मिळून सुमारे पन्नास हजार पंच काम सोडून गेले. करोना हे एक कारण. दुसरे कारण बाकांवरून येणाऱ्या शिव्या, आणि त्या द्यायला पालक सगळ्यात पुढे. २०१५ साली टेक्सासमध्ये तर दोन खेळाडूंनी पंचाला मागून येऊन पाडले होते, आणि ते चित्रण देशभर दाखवले गेले. नवे येतात, आणि त्यातले बरेच पहिल्या दोन-तीन वर्षांत निघून जातात.

त्यामुळे कित्येक ठिकाणी पंच पुरत नाहीत म्हणून शुक्रवारचे सामने गुरुवारी नाहीतर शनिवारी ठेवावे लागले. एकच पथक गुरुवारी एका गावात आणि शुक्रवारी दुसऱ्या गावात. आमच्या शेजाऱ्यांनी गुडघ्यांमुळे मैदान सोडले, तरी हंगाम आला की त्यांना फोन येतात. बाद फेरीत नाव यावे म्हणून पूर्वी ऑक्टोबरात झोप न लागणारे हे गृहस्थ आता, एखादा शनिवार तरी निभावून न्या, अशी विनंती करणाऱ्यांना नाही म्हणत बसलेले असतात.