क्रोशाचा धागा: रंगाआधी तंतू पाहा

क्रोशासाठी धागा घेताना नजर आधी रंगावर जाते, मग जाडीवर आणि शेवटी किमतीवर. तंतू कशाचा आहे, हे क्वचितच विचारले जाते. दुकानात लोकर म्हणून मिळणारा गुंडा पुष्कळदा ॲक्रिलिकचा निघतो, तरी कुणाचे काही अडत नाही. अडते ते पुढे, वस्तू वापरात आल्यावर. कारण ती कशी वागणार हे नमुन्याइतकेच तंतूच्या रेणूंवर ठरते. म्हणून धागा निवडताना पहिला प्रश्न हा हवा: या वस्तूची गाठ पाण्याशी पडणार आहे, ताणाशी की आचेशी?

पाण्यापासून सुरुवात करू. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि त्याचे रेणू पाण्याला सहज धरून ठेवतात. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प शोषतो, मेंढीची लोकर सुमारे १६ टक्के, तर ॲक्रिलिक जेमतेम २ टक्के. शिवाय कापूस ओला झाला की अधिक मजबूत होतो, लोकर मात्र कमजोर पडते. कोकणातल्या दमट हवेत बाळाचे झबले किंवा रोज धुवायचे फडके सुती का असावे, याचे उत्तर इथे आहे. ताणाचे गणित याच्या उलट. लोकरीतील केराटिनचे रेणू वेटोळे घातलेले असतात. ताणले की उलगडतात, सोडले की पुन्हा आखडतात. कापसाला ही सोय नाही. त्यातच क्रोशाचा प्रत्येक टाका स्वतःपाशी बंद होत असल्याने हे कापड दोन सुयांवरच्या विणीपेक्षा कमी ताणते. टोपीच्या काठाला लागणारी लवचीकता त्यामुळे बरीचशी धाग्यानेच पुरवावी लागते. सुती पिशवीचा बंद ओझ्याने लांबत जातो तोही कापूस पुन्हा आखडत नाही म्हणूनच. तिथे घट्ट, बुटके टाके घालावेत.

आचेबाबत तडजोडीला जागाच नाही. ॲक्रिलिकचे रेणू पाणी उकळण्याच्या तापमानाच्या आसपासच सैल पडू लागतात. वाफेच्या इस्त्रीने अशी वीण कायमची लुळी पडते ती यामुळे. गरम कढई धरायला ॲक्रिलिकचे विणकाम वापरले, तर ते वितळून कातडीला चिकटू शकते. तिथे जाड सुती धागाच हवा.

मग नैसर्गिक तेच उत्तम, असे म्हणावे का? तसेही नाही. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. कसरीच्या अळ्या केराटिन पचवतात, ॲक्रिलिकला त्या शिवत नाहीत. अंगाला न लागणाऱ्या शोभेच्या वस्तूला किंवा खेळण्याला ॲक्रिलिक चालते. त्याची खरी किंमत धुण्यात कळते: ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासानुसार ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुलाईत ७ लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू सुटू शकतात. वारंवार धुवायच्या वस्तूसाठी ते टाळण्याचे हे सबळ कारण आहे. आणि सगळा कापूसही एकसारखा नसतो. जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास कापसावर कॉस्टिक सोड्याचे प्रयोग केले. पुढे धागा ताणून धरून हीच प्रक्रिया केल्यावर त्याला चकाकी आली. रुमाल आणि तोरणांसाठी हा मर्सराइज्ड दोरा योग्य, कारण त्यात नक्षी स्पष्ट उठते.

लेबलच नसेल तर काय करायचे, ही अडचण खरी आहे. तिच्यावर साधा उपाय आहे. धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून जाळावा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख सोडतो. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि ज्योत दूर नेताच ती सहसा विझते. ॲक्रिलिक वितळत जळते आणि मागे कठीण काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात या खुणा सरमिसळ दिसतील, पण वितळलेला मणी दिसला तर तो गुंडा चुलीपाशी न्यायचा नाही, एवढे तरी निश्चित कळते. कित्येक दिवस खपून वीण घालण्यापूर्वी एवढी चाचणी करायला दोन मिनिटे पुरतात.