साबणाला महिनाभर मुरू द्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कंपन्यांच्या वड्यांना स्वस्ताईची वाट मोकळी झाली आणि बचत गटांच्या साबणापुढे जुनाच प्रश्न टोकदार होऊन उभा राहिला. जास्त पैसे मोजून घेतलेली वडी इतक्या लवकर का संपते?

पहिला संशय खोबरेलावर घ्यावा. खोबरेलाची वडी टणक होते, म्हणून ती पुरेल असे वाटते. पण कोरडी असताना टणक असणे वेगळे आणि पाण्यात तग धरणे वेगळे. खोबरेलात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा साबण फेस भरपूर देतो आणि तितक्याच झपाट्याने विरघळतो. वडी पुरवतात ती स्टिअरिक आणि पामिटिक आम्ले, म्हणजे कोकमाचे तेल, पामतेल. सूर्यफूल किंवा करडई जास्त झाली की वडी मऊ पडते. माझ्या मते खोबरेल एकूण तेलाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ नये. आणि माळेगाव बुद्रुकसारख्या साखर कारखान्याच्या गावात हेही सांगायला हवे, की साखरेच्या पाकाने फेस वाढतो, वडीचे आयुष्य नाही.

खरी घाई नडते ती पुढे. कॉस्टिक आणि तेलाची क्रिया एक-दोन दिवसांत बरीचशी उरकते, वडी कापता येते, मग ती लगेच विकायला निघते. तिच्यात पाणी अजून भरपूर असते. चार ते सहा आठवडे हवेशीर सावलीत, वड्यांमध्ये अंतर ठेवून वाळवल्या की पाणी उडते आणि आतली घडण घट्ट होते. भीमथडी जत्रा डिसेंबरात भरते, तेव्हा तिथे न्यायचा साबण दिवाळीच्या सुमारास साच्यात पडलाच पाहिजे. वेष्टनावर बनवल्याची तारीख छापावी, असा माझा आग्रह आहे.

बोअरचे जड पाणीही साबण खाते. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असेल, तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम लिटरमागे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास साबण वाया घालवू शकते. बादलीवर पांढरट चिकट थर बसतो तो हाच. तो दोष वडीचा नव्हे, हे गिऱ्हाइकाला सांगा.

घरगुती साबणात ग्लिसरीन राहते, कंपन्या ते बहुधा काढून घेतात. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे ही वडी साचलेल्या पाण्यात लवकर लिबलिबीत होते. खाली जाळी असलेली साबणदाणी गटांनी वडीसोबतच विकायला ठेवावी.