कुवेतचा चिखल: भार सावकाश टाकावा की झटपट?

कुवेत म्हणजे सगळी वाळू, असे आपण धरून चालतो. शहराखाली ते बरेचसे खरेही आहे. पण उत्तरेला, बुबियान बेटाकडे आणि कुवेतच्या उपसागरात, शत्त अल-अरब नदीने वाहून आणलेला बारीक गाळ साचला आहे. 2019 मध्ये खुला झालेला शेख जाबेर सागरी पूल याच उपसागरावरून जातो. पुलाचे ओझे पाइल, म्हणजे खोल रोवलेले खांब, खालच्या घट्ट थरांत उतरवतात. रस्त्याचा भराव किंवा बंदराचे आवार यांना दर वेळी ती चैन परवडत नाही. त्यांना मऊ चिकणमातीशीच जुळवून घ्यावे लागते.

तिथे पहिली फसगत होते ती चाचणीच्या आकड्याने. मातीत पाते खुपसून फिरवायचे आणि ती किती जोराला तुटते ते मोजायचे, ही व्हेन चाचणी. माती काही मिनिटांतच तुटते. भराव मात्र कित्येक आठवडे चढत राहतो. चिकणमातीचे कण एकमेकांवरून सरकतात ते थोडे दाट काकवीसारखे: घाईने ढकलले तर जास्त विरोध, सावकाश ढकलले तर कमी. ढोबळ मानाने वेग दहापट घटला की ताकद दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. चिकटपणा जास्त असेल तर आणखी. 10 मिनिटांच्या चाचणीत 30 किलोपास्कल दाखवणारी माती 10 आठवड्यांच्या भाराखाली, पाणी बाहेर पडलेच नाही तर, 20 च्या जवळपास येते. म्हणूनच नॉर्वेचे लॉरिट्स बियेरुम यांनी 1972 मध्ये व्हेनच्या आकड्याला कात्री लावणारा गुणक सुचवला. हा गुणक विसरणे म्हणजे दीडपट आशावाद.

मग भार झटपट टाकावा? हा उलट टोकाचा गैरसमज. वरच्या हिशेबातली 'पाणी बाहेर पडले नाही तर' ही अट इथे निर्णायक ठरते. नव्या भाराचे ओझे आधी मातीतले पाणीच उचलते. ते निचरले की कण जवळ येतात आणि माती खरोखर बळकट होते. घाई केली तर निचऱ्याला वेळच मिळत नाही आणि भराव कडेने सरकतो. सावकाशीत कणांमधला विरोध घटतो, पण निचऱ्याने मिळणारे बळ बहुधा त्याहून मोठे असते.

अडचण फक्त काळाची. वर-खाली दोन्हीकडे निचरा होणाऱ्या 10 मीटर जाड थरात निचऱ्याचा गुणांक वर्षाला 1 चौरस मीटर धरला, तर नव्वद टक्के काम व्हायला साधारण 21 वर्षे लागतात. दीड-दीड मीटरवर उभ्या निचरा-पट्ट्या खोचल्या की हाच काळ वर्षा-दोन वर्षांवर येतो, कारण पाण्याला लागणारा वेळ वाटेच्या लांबीच्या वर्गाने वाढतो. आपल्याकडे न्हावा-शेव्याच्या खाडीतल्या चिखलातही अशा पट्ट्या वापरल्या आहेत. भराव टप्प्याटप्प्याने चढवतात आणि आतल्या पाण्याचा दाब किती उतरला हे पिझोमीटरवर पाहूनच पुढचा थर टाकतात.