फोटो-अल्बमची लिंक : धंद्याला उपयोगी, पण जपून

बीडच्या कारागिरांचे नाव जुने आहे. निजामी राजवटीत इथल्या चामड्याच्या छागला आणि गुप्त्या नावाजलेल्या होत्या. इंग्रजांच्या काळातील गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद सापडते. परंतु बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला माल दाखवायचा तर गाठोडे बांधून एस.टी.ने निघण्यावाचून गत्यंतर नसे. परळीला रेल्वे पूर्वीपासून होती. बीड शहरातून मात्र प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. नमुने दाखवण्याचे हे काम आज मोबाइलमधला फोटो-अल्बम करू शकतो. त्यासाठी वेबसाइट काढावी लागत नाही की खर्चही येत नाही.

लिंक म्हणजे काय?

गुगल फोटोजसारख्या सेवेत मालाचे फोटो एका अल्बममध्ये ठेवले की त्या अल्बमचा एक लांबलचक पत्ता तयार करता येतो. हीच लिंक. ती व्हॉट्सॲपवर पाठवली की समोरचा माणूस सगळे फोटो पाहू शकतो. त्याला पासवर्ड लागत नाही. व्हॉट्सॲपवर एकेक फोटो साध्या पद्धतीने पाठवला तर त्याचा दर्जा उतरतो आणि जरीचे बारीक काम पुसट दिसते. अल्बममधला फोटो मोठा करून नक्षी पाहता येते. नवा माल आला की त्याच अल्बममध्ये भर घालावी. लिंक तीच राहते.

जरीकाम करणारा असो, लाकडी पलंग बनवणारा असो की लोखंडी गेट करणारा, काही गोष्टी सर्वांनाच लागू आहेत. फोटो दिवसाच्या उजेडात काढावा, म्हणजे कापडाचा रंग खरा दिसतो. प्रत्येक नगाशेजारी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. मग गिऱ्हाईक फोनवर "बारा नंबरचा" एवढेच सांगेल. शेजारी मोजपट्टी ठेवल्यास आकार कळतो. विकला गेलेला माल अल्बममधून काढावा. लिंकचा क्यूआर कोड करून बिलावर किंवा दुकानाच्या कार्डावर छापता येतो. अल्बमवर खातेदाराचे नाव दिसते, म्हणून दुकानाच्या नावाने वेगळे खाते उघडलेले बरे. फोटोच्या मधोमध दुकानाचे नाव टाकावे, नाहीतर तोच फोटो दाखवून दुसराच कोणी आगाऊ रक्कम उकळू शकतो.

गिऱ्हाइकांचे फोटो वेगळे ठेवा

लिंक ही बिननावाची किल्ली आहे. ती ज्याच्या हाती पडेल त्याला कुलूप उघडते. आपण एकाला पाठवली, त्याने दहा जणांना पाठवली, तर ती कुठवर गेली हे आपल्याला कळत नाही. मालाच्या अल्बमला यात नफाच आहे. लग्नाचे फोटो काढणारे, मेंदी काढणाऱ्या भगिनी, वधूचे कपडे शिवणारे कारागीर यांच्याकडे मात्र गिऱ्हाइकाच्या घरातील स्त्रियांचे फोटो असतात. ते फोटो अमानत आहेत. नमुना म्हणून ते दुकानाच्या उघड्या अल्बममध्ये टाकले तर नाव जाईल आणि गिऱ्हाईकही.

ही भीती कल्पनेतली नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ च्या सुमारास मुस्लिम स्त्रियांचे इंटरनेटवर सर्वांना दिसणारे फोटो उचलून त्यांच्या 'लिलावाचे' बनावट ॲप काढले गेले. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटकही केली. पण एकदा पसरलेला फोटो परत गोळा करता येत नाही.

कायदाही पाहावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार एखाद्याने मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. तेव्हा लग्नाचा फोटो जाहिरातीत वापरण्यापूर्वी त्या कुटुंबाची लेखी परवानगी घ्यावी.

काळजी कशी घ्यावी?

लग्नाचा अल्बम द्यायचा तर स्त्रियांच्या दालनातील फोटोंचा अल्बम वेगळा करावा. लिंक न देता ठरावीक माणसांच्या गुगल खात्यांनाच अल्बम दाखवण्याची सोय आहे, ती वापरावी. लिंक दिलीच, तर कुटुंबाने फोटो उतरवून घेतल्यावर ती बंद करावी. लिंक बंद केली तरी आधी अल्बममध्ये सामील झालेल्यांना फोटो दिसत राहू शकतात, म्हणून त्यांची नावेही काढावीत. फोटो कुठे काढला ते ठिकाण दाखवण्याची सोय बंद आहे ना, हे तपासावे.

आपल्याकडे येणाऱ्या लिंकबाबतही सावध असावे. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवून मोबाइल ताब्यात घेण्याच्या प्रकारांबद्दल २०२४ मध्ये पोलिसांनी इशारे दिले होते. फोटो पाहण्यासाठी कोणी अनोळखी ॲप घ्यायला सांगितले तर हात लावू नये. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

शेवटची गोष्ट साठवणुकीची. गुगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद मोफत साठवण बंद केली. मेल आणि इतर फाइली धरून १५ जीबी एवढीच जागा मोफत मिळते. दोन वर्षे न वापरलेले खाते बंद करून त्यातील सामग्री काढून टाकण्याचा हक्कही कंपनीने राखून ठेवला आहे. त्याच कंपनीची पिकासा वेब अल्बम ही जुनी सेवा २०१६ मध्ये बंद झाली. म्हणून मालाच्या आणि गिऱ्हाइकांच्या फोटोंची एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर ठेवावी. लग्नाचे फोटो देताना लिंकबरोबर पेन ड्राइव्हही द्यावा आणि लिंक किती दिवस चालू राहील ते बिलावरच लिहावे. म्हणजे पुढे तक्रारीला जागा राहणार नाही.