कुंडीतील भाजीला माती कोणती?

आपल्या माळव्याची काळी माती गव्हाला उत्तम. तेव्हा कुंडीलाही तीच उत्तम, असा समज असतो. मीही पहिल्या वर्षी नुसत्या काळ्या मातीत वांगी लावली आणि सगळी रोपे गमावली. ही माती भिजली की फुगते, सुकली की आकसते. शेतात मुळांना खोल जाता येते. कुंडीत मात्र माती कडेपासून सुटते, घातलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते व मधला गोळा कोरडाच राहतो. पावसाळ्यात उलट पाणी साचून मुळे कुजतात.

यास्तव काळी माती, नदीची जाड वाळू व कुजलेले खत समभाग घ्यावे. ताजे शेण घालू नये. त्याने मुळे करपतात. खतासाठी तर आपण दूर जायला नको. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरातच पालापाचोळा, शेण व माती यांच्या थरांचे खत करून दाखविले. जगात ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. ढीग ओलसर ठेवून अधूनमधून पालटला, तर सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. गोळा बोटाने टोचताच फुटला, तर कुंडी भरावी. चिकटून राहिला, तर वाळू व खत आणखी घालावे.