जहाजावर नळाला पाणी किती दिवसाला येतं?

माझी भाची लातूरला पाचवीत शिकते. परवा मी तिला एका मोठ्ठ्या जहाजाचा फोटो दाखवला. पांढरंशुभ्र जहाज! अकरा मजले! वर चक्क पोहायचा तलाव! मला वाटलं, आता ही विचारणार, "आत खेळायला काय काय आहे?"

पण तिनं काय विचारलं असेल? ओळख बघू!

तिनं विचारलं, "मावशी, तिथं नळाला पाणी किती दिवसाला येतं?"

मी उडालेच! असा प्रश्न लातूरच्या पोरीलाच सुचणार. आणि गंमत म्हणजे, जहाजावरची सगळ्यात भारी गोष्ट याच प्रश्नात लपलेली आहे. चल, शोधू या!

आधी ते जहाज म्हणजे काय, ते सांगते. त्याला क्रूझ म्हणतात. तरंगतं हॉटेलच समज ना! लोक त्यात काही दिवस राहतात, खातात, खेळतात, झोपतात. आपल्याकडून तिथं जायचं कसं? सोप्पं आहे. रात्री लातूर एक्स्प्रेसमध्ये बसायचं, नांदेडहून निघालं तर देवगिरीत. सकाळी मुंबईला सीएसएमटी स्टेशन. तिथून अगदी जवळ बॅलार्ड पिअर नावाचा धक्का आहे. धक्का म्हणजे जहाजांचं बसस्टँड! २०२१ सालच्या सप्टेंबरपासून तिथून 'एम्प्रेस' नावाचं जहाज गोव्याला जायला लागलं. माझ्याकडचा फोटो याच जहाजाचा.

किती लांब आहे ते? २११ मीटर! आता लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना आहे, माहीत आहे ना? रेल्वेचा एक लांब डबा साधारण २४ मीटरचा. असे नऊ डबे एकामागे एक लाव. झालं एम्प्रेस! 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचं जहाज तर ३६५ मीटर लांब आहे. म्हणजे पंधरा डबे! त्यावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून जवळपास १० हजार माणसं मावतात. आपल्याकडची कितीतरी गावं यापेक्षा लहान आहेत!

आता पाण्याचं गणित. वही काढ!

अंघोळ, पिणं, स्वयंपाक, कपडे, भांडी. एका माणसाला दिवसाला २०० लिटर पाणी लागतं असं धरू. १० हजार माणसं गुणिले २०० लिटर. किती झाले? २० लाख लिटर! आणि हे फक्त एका दिवसाचं!

हा आकडा केवढा मोठा आहे, ते तुझ्या घरातली मोठी माणसं बरोब्बर सांगतील. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचं पाणी आटलं होतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. तेव्हा पाणी कशातून आलं? रेल्वेतून! मिरजेहून टाक्यांची गाडी निघाली आणि साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून १२ एप्रिलला लातूरला पोचली. तिचं नाव 'जलदूत'. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, त्यांत मिळून ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० टाक्यांची गाडी यायला लागली. तू तेव्हा पाळण्यात असशील, नाहीतर जन्मही झाला नसेल. आजीला विचार, ती गाडी आली तेव्हा काय वाटलं होतं! मला तर अजूनही ते आठवलं की गळा भरून येतो.

तर त्या मोठ्या जहाजाला रोज पहिल्या जलदूतासारख्या चार गाड्या पाणी हवं. आणि समुद्रात तर रेल्वे जात नाही! मग?

"अगं, सोबत घेऊन जात असतील," असं तू म्हणशील. थोडं नेतात. खालच्या भागात मोठ्या टाक्या असतात, त्या धक्क्यावर भरून घेता येतात. पण आठ-दहा दिवसांचं सगळं पाणी नुसतं भरून न्यायचं म्हटलं, तर किती जागा जाईल!

मग जहाज काय करतं, ओळख. ते पाणी तयार करतं! रोज! चालता चालता!

कशापासून? अर्थात समुद्रापासून. चहूकडे पाणीच पाणी. पण ते खारट! आणि साधंसुधं खारट नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. घरची एक लिटरची बाटली घे. तिच्यात चहाच्या चमच्यानं सहा चमचे मीठ घातलंय, अशी कल्पना कर. ईऽऽ! एक घोटही घशाखाली उतरणार नाही!

आणि उतरला तरी उपयोग नाही. एवढं मीठ शरीराबाहेर टाकायला शरीराला आणखी पाणी लागतं. म्हणजे प्यायलं एक भांडं, खर्च झालं त्याहून जास्त! तहान भागायच्या ऐवजी वाढते!

मग मीठ काढायचं कसं? पहिली युक्ती तुझ्या स्वयंपाकघरातच आहे. आई वरणासाठी डाळ शिजवते ना पातेल्यात? झाकण उचललं की आतून थेंब टपटपतात. वरणात मीठ असतं. पण झाकणावरचा थेंब चाखला तर? खारट लागतच नाही! (गरम झाकणाला आपण हात लावायचा नाही हं, आईलाच थेंब द्यायला सांग.) कारण वाफ झाली की पाणी एकटंच वर उडतं. मीठ खालीच बसून राहतं. त्याला उडता येत नाही!

जहाजही हेच करतं. समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ धरायची, थंड करायची. गोडं पाणी तयार!

पण थांब. एवढं पाणी उकळायला जळण किती लागेल? इथंच खरी कमाल आहे!

घरचा कुकर आठव. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, आणि आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास उकळतं. म्हणून तर डाळ लवकर शिजते. आता याच्या उलट कर. भांडं बंद करायचं आणि आतली हवा ओढून काढायची. दाब कमी! मग पाणी कितीला उकळतं, माहीत आहे? पन्नासएक अंशांना! अंघोळीला काढलेल्या कडकडीत पाण्याएवढं तापलं की लागलं उकळायला! मी याला उलटा कुकर म्हणते.

आणि एवढी उष्णता तर जहाजाकडे फुकट असते! जहाजाची इंजिनं चालून चालून तापतात. त्यांना गार ठेवायला त्यांच्याभोवती पाणी फिरवतात. ते पाणी तापतं. त्याच पाण्यावर उलटा कुकर चालतो! आपली आजी भाकरी झाल्यावर चूल विझवते का? छे! उरलेल्या निखाऱ्यांत भरताचं वांगं भाजून घेते. अगदी तस्संच!

दुसरी युक्ती तर तू रोज बघतेस किंवा बघतोस. गल्लीत जारचं पाणी येतं ना? कुठल्यातरी आरओ प्लांटमधून येतं. तेच आरओ जहाजावरही असतं, फक्त पैलवान! श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून दाबतात. पाणी खाली गळतं, चक्का वर राहतो. आरओमध्ये फडक्याऐवजी एक पातळ पडदा असतो, सतरंजीसारखा गुंडाळलेला. त्याच्यातून पाणी जातं, मीठ अडतं. पण समुद्राचं पाणी सहजासहजी जात नाही. त्याला आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या साठपट वगैरे जोर लावून ढकलावं लागतं. साठपट! मोटारीच्या टायरमध्ये याच्या पासंगालाही पुरेल एवढा दाब नसतो.

आणि हे पाणी बंदराजवळ बनवत नाहीत. तिथं तेल, गाळ, घाण असते. किनारा मागे पडला, स्वच्छ निळं पाणी आलं, की मग जहाजाचा 'आड' सुरू!

बरं, तयार झालेलं पाणी लगेच प्यायला देतात का? नाही! उलट्या कुकरचं पाणी इतकं निर्मळ असतं की त्याला चवच नसते. म्हणून ते चुनखडीसारख्या खड्यांतून सोडतात, म्हणजे थोडे क्षार परत मिसळतात. आधी सगळे काढले, आता चिमूटभर घातले! शिवाय पाणी कमी तापमानाला उकळलेलं, म्हणजे जंतू मेलेच असतील असं नाही. म्हणून आपल्या नगरपालिकेसारखं क्लोरीनही घालतात.

तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर काय? जहाजावर नळाला पाणी चोवीस तास येतं! रोज!

पण म्हणून जहाज उधळमाधळ करत नाही बरं का. आता एक गुपित. संडासाचं! हसू नकोस, हे फार हुशारीचं काम आहे. घरच्या फ्लशला एका वेळी सहा ते दहा लिटर पाणी जातं. जहाजावर? जेमतेम एक-सव्वा लिटर! कारण तिथं पाणी घाण ढकलत नाही. हवा ती ओढते! पाइपातली हवा आधीच काढून घेतलेली असते. बटण दाबलं की 'खूऽऽप!' आणि सगळं गायब! आपण नळीनं उसाचा रस ओढतो ना, तसंच. काही जहाजं तर एसीतून गळणारं पाणी गोळा करून कपडे धुवायला वापरतात. एकही थेंब वाया घालवायचा नाही, हे लातूरकरांइतकं कुणाला कळणार!

भाचीचे बाकीचे प्रश्न आता भराभर घेते.

"जेवायला काय?" भरपूर! मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी मिळतं, जैन जेवणही मिळतं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर पाहिला आहेस? केवढाल्या कढया, केवढं पीठ! जहाजाचा मुदपाकखानाही असाच हजारो पानांचा. पण एक फरक आहे. कोथिंबीर संपली तर कुणाला दुकानात पिटाळता येत नाही! सगळं आधीच मोजून भरावं लागतं. आणि भट्ट्या, शेगड्या विजेवरच्या. भर समुद्रात आगीचा धोका नको ना!

"मळमळतं का?" कुणाकुणाला, हो. आपल्या कानात आत एक पातळ रस असतो. तो हलला की मेंदूला कळतं, आपण हलतोय. पण खोलीत बसलेले डोळे म्हणतात, "छे, भिंत तर जागेवरच आहे!" दोघांचं भांडण होतं आणि पोटात ढवळतं. एसटीत मागच्या बाकावर किती आपटतं! मधल्या बाकावर कमी. जहाजातही मधली, खालची खोली बरी. आणि बाहेर येऊन लांब, जिथं आभाळ समुद्राला टेकतं तिथं बघत बसायचं. डोळे आणि कान यांची गट्टी जमते!

"आईला फोन लागेल?" किनारा दूर गेला की नेटवर्क गुल! समुद्रात टॉवर कोण उभारणार? पण जहाजाच्या माथ्यावर मोठाले पांढरे गोळे दिसतात. त्यांत काय असतं, सांग! छत्री! घरावर टीव्हीची असते तशी. जहाज डुलतं, वळतं, आणि आत ती छत्री स्वतः फिरून उपग्रहाकडेच तोंड ठेवते. सूर्यफुलासारखी! पण तिच्यावरून बोलायला पैसे फार पडतात. म्हणून मोठी माणसं फोन फ्लाइट मोडवर टाकतात.

"भीती वाटली तर?" संकट आलं तर काय करायचं, याचा आधीच सराव असतो. निघता निघताच! शाळेत प्रार्थनेला तुमच्या वर्गाची रांग ठरलेली असते ना? तशी जहाजावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. भोंगा सात वेळा छोटा आणि एकदा लांब वाजला, की सगळ्यांनी आपापल्या जागी जायचं. पोंप-पोंप-पोंप-पोंप-पोंप-पोंप-पोंप-पोंऽऽऽप! लाइफ जॅकेट कसं घालायचं तेही शिकवतात. हा सराव कुणालाच चुकत नाही, आजोबांनासुद्धा! मला हे फार आवडतं.

एवढं झाल्यावर भाची गप्प बसली. मग म्हणाली, "पण मावशी, समुद्रात एवढं मीठ टाकलं कुणी?"

ऐक, आता सगळ्यात मोठी गंमत! त्यातलं चिमूटभर तुझ्या मांजरेनं टाकलंय!

बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो, बघितला आहेस? ते खडकातले क्षार. पाऊस पडतो, पाणी खडकांवरून, मातीतून वाहतं, थोडे क्षार विरघळवून घेतं. मांजरा ते घेऊन पुढे जाते, गोदावरीला मिळते. गोदावरी तर नांदेडवरून वाहतच येते. दोघी मिळून थेट बंगालच्या उपसागरात! जगातल्या सगळ्या नद्या कोट्यवधी वर्षं हेच करत आल्यात. समुद्रातून पाणी उडून जातं, क्षार मात्र मागे उरतात. झाकणाच्या थेंबासारखं!

आणि ते उडालेलं पाणी कुठं जातं?

आता मृगाचा पाऊस आला की अंगणात पळ. मान वर कर. जीभ बाहेर काढ. बघ, खारट लागतोय का!